लांबलचक शब्द कसे फोडावेत?

एस. वाय. बी. ए.

इंग्रजीच्या तासाला एखादा वीस-पंचवीस अक्षरांचा शब्द फळ्यावर आला की वर्गाचे दोन भाग पडतात. काहींना गंमत वाटते, तर काहींना धास्ती. ज्यांच्या घरी इंग्रजी पुस्तके पूर्वीपासून आहेत ते बहुधा पहिल्या भागात असतात. ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक प्रथम आले तेच मुळी त्यांच्या स्वतःच्या दप्तरातून, ते दुसऱ्या भागात. प्रस्तुत लेखकाची जागा या दुसऱ्या भागात आहे आणि म्हणूनच या शब्दांचा थोडा अभ्यास करावा असे वाटले. अभ्यास करता करता एक गोष्ट स्पष्ट झाली. इंग्रजीतील बहुतेक लांब शब्द लहान लहान तुकडे जोडून केलेले असतात, आणि असे जोड फोडण्याची विद्या मराठी माणसाला नवीन नाही. समास आणि प्रत्यय शिकताना ती आपण शाळेतच शिकलो आहोत. एवढेच नव्हे, तर व्याकरणाचे पुस्तक कधी न उघडलेली आपली घरची माणसेही ती रोजच्या बोलण्यात वापरीत असतात.

(या लेखात इंग्रजी शब्दांची जी अक्षरसंख्या दिली आहे ती इंग्रजी लिपीतील समजावी.)

तीन प्रसिद्ध शब्द

शब्दांचे खेळ खेळणाऱ्यांच्या तोंडी काही शब्द नेहमी असतात. पहिला 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम', अक्षरे २८. दिसायला राक्षस, पण त्याचे सांधे मोकळे करून पाहा. 'एस्टॅब्लिश' म्हणजे प्रस्थापित करणे. 'एस्टॅब्लिशमेंट' म्हणजे येथे इंग्लंडमधील चर्चला राज्याने दिलेले अधिकृत स्थान. त्याला मागे 'डिस' लावले की ते स्थान काढून घेणे असा अर्थ झाला. त्याच्याही मागे 'अँटि' लावले की त्या काढून घेण्याला विरोध. शेवटचे 'एरिअन' म्हणजे वादी आणि 'इझम' म्हणजे वाद. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये हा प्रश्न खरोखरीच पेटला होता. आयर्लंडमधील चर्चचे राजमान्य स्थान काढून घेणारा कायदा १८६९ साली ग्लॅडस्टन यांच्या कारकिर्दीत झाला. म्हणजे हा शब्द एका खऱ्या राजकीय भांडणातून वाढत गेला. जसजसा वाद वाढला तसतसा एकेक डबा जोडला गेला.

दुसरा शब्द 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन', अक्षरे २९. विल्यम शेन्स्टन या इंग्रज कवीच्या १७४१ सालच्या एका पत्रात तो आढळतो. एखादी गोष्ट कवडीमोलाची ठरविणे, असा त्याचा अर्थ. हा शब्द म्हणजे लॅटिन व्याकरण घोकून कंटाळलेल्या विद्वानांची थट्टा आहे. लॅटिनमध्ये 'किंमत नसलेला' हे सांगण्यासाठी 'फ्लॉकी' म्हणजे लोकरीचा पुंजका, 'पिली' म्हणजे केस, 'निहिली' म्हणजे काहीच नाही, आणि याच अर्थछटेचा 'नॉकी' असे शब्द वापरीत. कोणीतरी ते चारही एका माळेत ओवले आणि शेवटी 'फिकेशन' लावून दिले. आपणही एखाद्याला 'कस्पटासमान लेखतो'. त्यांना पुंजका आणि केस आठवला, आपल्याला कस्पट आठवले, एवढाच फरक. या शेवटच्या 'फिकेशन'कडे मात्र नीट पाहावे. प्युरिफिकेशन म्हणजे शुद्धीकरण, क्लॅरिफिकेशन म्हणजे स्पष्टीकरण, इलेक्ट्रिफिकेशन म्हणजे विद्युतीकरण. जेथे त्यांचे 'फिकेशन' तेथे आपले 'करण'. त्या न्यायाने या २९ अक्षरी शब्दाला मराठीत 'कस्पटीकरण' म्हणावयास हरकत नसावी!

तिसरा शब्द 'ऑनरिफिकॅबिलिट्युडिनिटॅटिबस', अक्षरे २७. सन्मानास पात्र असण्याची स्थिती, असा त्याचा साधारण अर्थ. १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्हज् लेबर्स लॉस्ट' या शेक्सपिअरच्या नाटकात तो येतो. तो कोणाच्या तोंडी घातला आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. पंडितांची पोकळ शब्दबंबाळ चर्चा चालू असताना कॉस्टर्ड नावाचा खेडवळ गडी हा शब्द उच्चारतो आणि पंडितांची फजिती करतो. या शब्दात एक व्यंजन, एक स्वर, पुन्हा व्यंजन, पुन्हा स्वर असा क्रम अखेरपर्यंत चालतो. खेळाडूंना त्याचे आकर्षण आहे ते याचमुळे.

यांच्याहूनही लांब, ४५ अक्षरांचा एक शब्द आहे. तो मुद्दाम शेवटी घेणार आहे.

आपल्या घरचे लांब शब्द

मराठीत लांब शब्द नाहीत असे कोणाला वाटत असेल तर त्याने चाळीत भांडण चालू असताना कान द्यावेत. 'शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनसुद्धा' हा शब्द आपल्या आया-आज्या एका दमात बोलून जातात. हीच गोष्ट इंग्रजीत सांगावयाची तर 'इव्हन फ्रॉम द नेबर्स' असे चार शब्द वापरावे लागतात. आपण मात्र 'शेजारी'ला 'पाजारी' जोडला, त्याचे सामान्यरूप केले, मग 'कडून' लावले आणि शेवटी 'सुद्धा' चिकटविले. शब्दाच्या मागे डबे जोडत जाण्याची ही रीत आपल्या हाडामांसात भिनलेली आहे.

हे झाले प्रत्ययांचे आणि अव्ययांचे. समासांचे उदाहरण हवे असेल तर शिवछत्रपतींच्या बिरुदावलीतील 'क्षत्रियकुलावतंस' घ्या. क्षत्रिय, कुल आणि अवतंस म्हणजे भूषण. तीन तुकडे, मध्ये एक संधी. 'किंकर्तव्यविमूढ' या शब्दाला परीक्षेत आपण घाबरत नाही, कारण किम्, कर्तव्य आणि विमूढ असे त्याचे भाग आपण पाडू शकतो. मग 'इंटरनॅशनलायझेशन' या २० अक्षरी शब्दानेच का घाबरावे? त्याचे मराठी 'आंतरराष्ट्रीयीकरण' आहे. दोन्ही शब्द एकमेकांखाली मांडून पाहा. 'इंटर'खाली 'आंतर' येते, 'नेशन'खाली 'राष्ट्र' येते, 'अल'खाली 'ईय' येते आणि 'आयझेशन'खाली 'ईकरण' येते. एका सुताराने केलेल्या दोन खुर्च्या असाव्यात तसे हे शब्द आहेत. ज्याला खालचा शब्द कळतो त्याला वरचा कळला पाहिजे.

नात्यातील तुकडे

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला. पुढे तौलनिक भाषाशास्त्राने तो सप्रमाण सिद्ध केला. इंग्रजीतील पांडित्याचे शब्द बहुतांशी ग्रीक-लॅटिन तुकड्यांचे असल्यामुळे त्यांत आपल्याला संस्कृतचे नातेवाईक भेटतात. 'इंटर' आणि 'अंतर' यांचे मूळ एकच. ग्रीक 'पेरी' आणि संस्कृत 'परि' यांचेही तसेच. म्हणून भूमितीतील 'पेरिमीटर' आणि 'परिमिती' हे शब्द शेजारी शेजारी उभे केले तर भाऊ-भाऊ दिसतात. लॅटिन 'सुपर', ग्रीक 'हायपर' आणि संस्कृत 'उपरि' ही तीन भावंडे आहेत. 'अनएक्स्पेक्टेड'मधील 'अन' आणि 'अनपेक्षित'मधील 'अन्' यांचेही मूळ एकच आहे.

आणि आपल्या गावाचे काय? शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने येथे कापले म्हणून या गावाला नाशिक नाव पडले, असे परंपरा सांगते. त्या परंपरेतील 'नासिका' हा शब्द, लॅटिन 'नासुस', त्यापासून आलेला 'नेझल' आणि रोजच्या वापरातला 'नोझ' हे सारे एकाच घराण्यातील आहेत.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. कानाला सारखे वाटले म्हणजे नाते सिद्ध होत नाही. 'बदनाम'मधील फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळचा आहे, अर्थही तोच आहे. पण त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. म्हणून आपण लावलेले नाते शब्दकोशात पडताळून पाहण्याची सवय ठेवावी. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचे आहे. तेथे किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून मोठ्या शब्दकोशातील व्युत्पत्तीचा भाग वाचण्यास दिवसाकाठी दहा मिनिटे पुरतात.

कोणते शब्द टिकतात?

लांब शब्द जोडता येतात हे खरे, पण ते टिकतात का? याचे उत्तर नाशिक जिल्ह्यातच सापडते. येथून जवळच्या भगूर गावी १८८३ साली जन्मलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात (१९२४ ते १९३७) भाषाशुद्धीचा हिरीरीने पुरस्कार केला. 'दिनांक', 'महापौर' असे कितीतरी शब्द त्यांच्या नावे सांगितले जातात. त्या चळवळीची टिंगल करणाऱ्यांनी मग रेल्वेच्या सिग्नलसाठी 'अग्निरथगमनागमनसूचक लोहपट्टिका' यासारखे शब्द रचून हशा पिकविला. आज काय दिसते? 'दिनांक' प्रत्येक अर्जावर आहे, 'महापौर' प्रत्येक महानगरपालिकेत आहे, आणि 'अग्निरथ' केवळ विनोदात उरला आहे. सिग्नलला सारे सिग्नलच म्हणतात. थट्टेसाठी किंवा प्रदर्शनासाठी जोडलेला शब्द खेळणे होऊन राहतो. ज्याची कामाला गरज असते आणि जो जिभेवर सहज बसतो, तोच शब्द व्यवहारात उतरतो.

पटावरचा हिशेब

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले आधुनिक शब्दकोडे छापले. पुढे १९३० च्या मंदीत बेकार झालेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरे मोजून, कोणते अक्षर किती वेळा येते याचा हिशेब काढला आणि त्यावरून एक खेळ बसविला. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने त्याला 'स्क्रॅबल' हे नाव दिले. पटावर आडवी-उभी पंधरा-पंधरा घरे, सोंगट्या १००, आणि प्रत्येकाच्या हाती एका वेळी सात. 'ई'च्या सोंगट्या १२ म्हणून तिला एकच गुण. 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, म्हणून त्यांना प्रत्येकी दहा.

हा हिशेब कळला की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वर सांगितलेले तिन्ही राक्षस या पटावर मावतच नाहीत! पंधरा घरांच्या ओळीत २९ अक्षरे बसणार कशी? येथे कामास येतात ते तुकडे. पटावर कोणी एखादे साधे क्रियापद मांडले असेल तर त्याच्या पुढे 'री' किंवा 'अन' आणि मागे 'इंग', 'एबल' जोडणारा खेळाडू पुढे जातो. एका डावात सातही सोंगट्या लावल्या तर ५० गुण जास्तीचे मिळतात आणि ते बहुधा अशा जोडकामातूनच मिळतात. 'क्यू'नंतर 'यू' आलाच पाहिजे असे आपण शाळेत शिकतो. पण जीवनशक्ती या अर्थाच्या चिनी 'ची' शब्दाचे इंग्रजी लेखन 'क्यू' आणि 'आय' या दोनच अक्षरांत होते आणि तो स्क्रॅबलमध्ये चालतो. गुण अकरा.

मित्रमंडळींना घालण्याजोगी आणखी काही कोडी येथे देतो. तीन जोडाक्षरे एकापाठोपाठ येणारा शब्द कोणता? हिशेबनीस म्हणजे 'बुककीपर'. त्यात 'ओ', 'के' आणि 'ई' लागोपाठ दोनदोनदा येतात. पाच स्वर सलग असलेला शब्द? रांग लावणे या अर्थाचा 'क्यूइंग'. त्याच्या आठ अक्षरी लेखनात 'यू, ई, यू, ई, आय' अशी रांगच लागलेली आहे. पंधरा अक्षरे असूनही एकही अक्षर पुन्हा न येणारा शब्द? 'अनकॉपीराइटेबल', म्हणजे ज्याचे प्रकाशनहक्क राखून ठेवता येत नाहीत असा. तो पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर बसतो. आणि नऊ अक्षरांत एकच स्वर असलेला शब्द? 'स्ट्रेंग्थ्स'.

हा शेवटचा शब्द मराठी शब्दकोड्यात लिहून पाहा. आपण एका घरात जोडाक्षरासह एक पूर्ण अक्षर लिहितो, त्यामुळे तेथे नऊ घरांचा हा शब्द जेमतेम दोन घरांत मावतो. म्हणजे शब्दाची लांबी ही बरीचशी लिपीची करामत आहे. आपल्या लिपीत खेळाची गंमतही निराळी. 'नवजीवन' हा शब्द उलटा वाचला तरी 'नवजीवन'च राहतो. इंग्रजी स्पेलिंगात त्याची ही खुबी नाहीशी होते. उलट देणेघेणेही झालेले आहे. इंग्रजी शब्दकोशातील 'मंगूस' हा प्राणी आपल्या मुंगसावरून तेथे गेला आणि 'चॉल' हा शब्द आपल्या चाळीवरून. परक्या वाटणाऱ्या त्या जाडजूड ग्रंथात आपलीही दोन माणसे राहतात, हे विसरू नये.

पंचेचाळीस अक्षरे

आता तो शेवटचा शब्द. 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्कॅनोकोनिओसिस'. मराठी शब्दकोड्याची २२ घरे आणि इंग्रजीची ४५ अक्षरे. तुकडे पाडू. 'न्यूमोनो' म्हणजे फुप्फुस. 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडचे. 'मायक्रोस्कोपिक' म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारे. 'सिलिको' म्हणजे सिलिका, वाळूत आणि दगडांत आढळणारे द्रव्य. 'व्हॉल्कॅनो' म्हणजे ज्वालामुखी. 'कोनि' हे ग्रीक, अर्थ धूळ. 'ओसिस' म्हणजे रोगाची अवस्था. अतिसूक्ष्म सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा रोग, एवढाच अर्थ. अमेरिकेतील कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली सर्वांत लांब शब्द असावा म्हणून तो रचला. डॉक्टर तो वापरीत नाहीत. ते नऊ अक्षरांचा साधा शब्द वापरतात: सिलिकॉसिस.

हा शब्द गंमत म्हणून रचला गेला त्याच्या चार-पाच वर्षे आधी, १९३०-३१ साली, अमेरिकेतच वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून बोगदा खोदण्याचे काम चालले होते. दगडात सिलिकाचे प्रमाण मोठे होते. त्या धुळीने शेकडो मजूर सिलिकॉसिस होऊन मेले. त्यांत काळ्या मजुरांची संख्या मोठी होती. एकीकडे तो रोग कोड्यातला शब्द झाला होता आणि दुसरीकडे माणसे त्याच रोगाने मरत होती.

आपल्या देशात हा रोग कोठे आढळला हे वाचून मन अधिकच विषण्ण झाले. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. दगड कापून त्या पेन्सिली करणाऱ्या कामगारांत सिलिकॉसिस मोठ्या प्रमाणावर असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. ज्या पेन्सिलीने आपल्यासारख्या कित्येकांनी पहिला 'अ' गिरविला, ती करणाऱ्याच्या छातीत तिचीच धूळ साठत होती.

या रोगाने फुप्फुसावर जे व्रण पडतात ते पुन्हा भरून येत नाहीत. त्याची लक्षणे आणि क्ष-किरण चित्रातील छाया क्षयासारखी दिसू शकते, शिवाय अशा माणसाला क्षय लवकर जडतो. म्हणून पुष्कळदा कागदावर क्षय एवढेच लिहिले जाते. १९४८ च्या कारखाना कायद्याने नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत सिलिकॉसिस घातला होता. क्षय म्हटले तर ते रोग्याचे दुर्दैव ठरते. सिलिकॉसिस म्हटले तर त्या धुळीची जबाबदारी कोणावर, असा प्रश्न उभा राहतो. नऊ अक्षरांच्या त्या शब्दावर एका कुटुंबाची नुकसानभरपाई अडलेली असू शकते.

पंचेचाळीस अक्षरांचा शब्द एका श्वासात म्हणून दाखविणे ही स्नेहसंमेलनात टाळ्या घेणारी गोष्ट आहे आणि ती जरूर करावी. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरी दवाखान्याचा, बँकेचा वा कचेरीचा इंग्रजी कागद आला की तो वाचावयास आपल्याच हाती दिला जातो. त्या वेळी कागदावरचा एखादा 'न्यूमोकोनिओसिस' पाहून कागद घडी घालून ठेवावयाचा नाही. 'न्यूमो' म्हणजे फुप्फुस, 'कोनि' म्हणजे धूळ, 'ओसिस' म्हणजे रोग, असे बोट ठेवून सांगावयाचे आणि पुढचा प्रश्न डॉक्टरांना विचारावयाचा: ही धूळ कोणत्या कामातली?